गोळी आहे, वाट नाही

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रायन मुस्टान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ ते २९ वयाच्या १,०१५ तरुणांची पाहणी केली होती. हे सगळे पुरुषांशी शरीरसंबंध असलेले तरुण. जोडीदार किती, कंडोम वापरता का, एचआयव्हीची तपासणी आजवर किती वेळा केली, असे प्रश्न त्यांना विचारले गेले, त्यांची एचआयव्ही तपासणीही झाली आणि मग सगळी माहिती वंशानुसार लावून पाहिली गेली. त्यात कृष्णवर्णीय तरुण सर्वांत सावध निघाले. कंडोमशिवाय संबंधांचं प्रमाण त्यांच्यात सर्वांत कमी होतं आणि तपासणी त्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळा करून घेतली होती. तरीही एचआयव्हीची लागण त्यांच्यात गोऱ्या तरुणांच्या १६ पट होती.

जो बेफिकीर वागतो त्याला लागण होते, ही समजूत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती समजूत आहे हेही आपण विसरतो. शिकागोचे आकडे तिच्या मुळावरच घाव घालतात. हा एका शहरातला योगायोगही नव्हता. ग्रेगोरिओ मिलेट या साथरोगतज्ज्ञाने २००६ पासून अमेरिकेतल्या अशा अभ्यासांचा धांडोळा घेतला आणि २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची मोठी मांडणी केली. कृष्णवर्णीय समलिंगी पुरुष इतरांपेक्षा जास्त धोका पत्करत नाहीत, तरी त्यांना लागण जास्त होते, हाच निष्कर्ष पुन्हा पुन्हा हाती आला. २०१६ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, हिशेब मांडला: तेव्हाचा दर कायम राहिला तर कृष्णवर्णीय समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांपैकी दर दोघांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी एचआयव्ही होईल. लॅटिनो पुरुषांत हे प्रमाण चारांत एक होतं, गोऱ्यांत अकरांत एक.

हा हिशेब मांडला जात होता तेव्हा एचआयव्ही रोखणारी गोळी अमेरिकेच्या औषध दुकानांत येऊन चार वर्षं होत आली होती. एवढं प्रभावी औषध हाताशी असताना ही दरी बुजली का नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे.

सारखीच काळजी, वेगळा धोका

आधी शिकागोचं कोडं सोडवू. दोन गावांतली माणसं सारख्याच शिस्तीने पाणी गाळून पितात. पण एका गावच्या विहिरीत घाण जास्त मुरलेली आहे. गाळूनही थोडं काही निसटतंच, आणि आजारी कोणतं गाव जास्त पडेल ते उघड आहे. संसर्गजन्य रोगाचा धोका माणसाच्या वागण्याइतकाच तो ज्यांच्यात वावरतो त्या वर्तुळात विषाणू किती पसरला आहे यावर ठरतो. जिथे दर तिसऱ्या-चौथ्या जोडीदाराला लागण असू शकते, तिथे एकदाच झालेली चूकही महागात पडते. जिथे पन्नासांत एकालाच लागण आहे, तिथे दहा चुका पचून जातात.

त्या वर्तुळात विषाणू इतका का मुरला? एचआयव्हीवरचे उपचार नियमित सुरू असतील तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि अशा व्यक्तीकडून शरीरसंबंधांतून दुसऱ्याला लागण होत नाही. म्हणजे एका माणसाचे उपचार हे त्याच्या जोडीदाराचंही संरक्षण असतं. मिलेट यांच्या मांडणीत हेच दिसलं की लागण झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांकडे आरोग्य विमा कमी होता, औषधं कमी पोचत होती आणि विषाणू आटोक्यात आलेल्यांचं प्रमाणही कमी होतं. त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

त्यात हे वर्तुळ बंदिस्त. वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, भेटीगाठींच्या जागा वेगळ्या. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या २००९ च्या एका अभ्यासात इतर वंशांच्या समलिंगी पुरुषांना जोडीदार म्हणून कोण पसंत आहे असं विचारलं, तेव्हा कृष्णवर्णीय पुरुष यादीत सर्वांत खाली होते. समलिंगी म्हणून समाजाने बाजूला सारलेल्या लोकांनीच आपल्यातल्या काहींना आणखी बाजूला सारलं. वर्तुळ आक्रसलं की त्यात शिरलेला विषाणू आतल्या आत फिरत राहतो. विशीतला मुलगा कितीही सावध राहिला, तरी त्याचं वर्तुळ तो जन्मायच्या आधीच आखलं गेलेलं असतं.

गोळी काय करते

एचआयव्ही आपल्या रक्तातल्या सीडी-४ या संरक्षक पेशींत शिरतो. त्याची जनुकीय माहिती आरएनएच्या रूपात असते. पेशीवर ताबा मिळवायचा तर त्या आरएनएवरून डीएनए तयार करावा लागतो. हे काम विषाणू सोबत आणलेल्या एका विकराकडून, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजकडून करून घेतो. डीएनएची साखळी एकेक कडी जोडत वाढते. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं अशा कड्यांची हुबेहूब नक्कल असतात, पण पुढची कडी अडकवायला लागणारी जागा त्यांच्यात नसते. विकर फसतं, नकली कडी जोडतं आणि साखळी तिथेच तुटते. विषाणू शरीरात आलेला असतो, पण त्याला बस्तान बसवता येत नाही.

ही दोन औषधं एकत्र असलेली ‘ट्रुवाडा’ ही गोळी २००४ पासून रुग्णांच्या उपचारांत होती. निरोगी माणसाने ती आधीपासून घेतली तर लागण टळेल का, हे तपासायला ‘आयप्रेक्स’ नावाची चाचणी झाली. सहा देशांत २,४९९ जण त्यात सहभागी झाले: पुरुषांशी संबंध असलेले पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया. २०१० साली निकाल आला. गोळी दिलेल्या गटात लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली होती. आकडा मध्यम वाटतो, पण त्यात गोळी घरी नेऊन न घेतलेलेही होते. ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, त्यांना ९० टक्क्यांहून जास्त संरक्षण मिळालं होतं. गोळी नियमित घेतली तर शरीरसंबंधांतून होणारी लागण सुमारे ९९ टक्क्यांनी टळते, असं आज सीडीसी सांगते.

१६ जुलै २०१२ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रौढांसाठी या वापराला मान्यता दिली. संसर्गाच्या आधीच घ्यायच्या या औषधोपचाराला ‘प्रेप’ म्हणतात. सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी, मूत्रपिंडाचं काम नीट चालतं का याची तपासणी, आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आणि नवी चिठ्ठी, असा त्याचा क्रम. म्हणजे प्रेप ही नुसती गोळी नव्हे. डॉक्टर, प्रयोगशाळा, औषध दुकान आणि विमा अशा चार दारांतून वर्षातून चार वेळा जाणं म्हणजे प्रेप.

आधी कोणाच्या हाती पडली

सप्टेंबर २०१५ ते ऑगस्ट २०१६ या वर्षाचा हिशेब सीडीसीने २०१८ साली मांडला. प्रेपची गरज असलेले कृष्णवर्णीय अमेरिकन सुमारे पाच लाख होते. चिठ्ठी मिळालेले सुमारे सात हजार, म्हणजे शंभरांत एक. लॅटिनो समाजात गरजू तीन लाख, चिठ्ठी मिळालेले साडेसात हजारांच्या आसपास. गोऱ्यांतही गरजू तीन लाख, पण चिठ्ठी मिळालेले ४२ हजार. २०२२ पर्यंत प्रेपचा वापर खूप वाढला, आणि सीडीसीच्या अंदाजानुसार गरजू गोऱ्यांपैकी ९४ टक्क्यांना, लॅटिनोंपैकी २४ टक्क्यांना आणि कृष्णवर्णीयांपैकी १३ टक्क्यांना चिठ्ठी मिळाली होती.

हे आकडे सावकाश वाचायला हवेत. औषध सगळ्यांसाठी एकच होतं, कायदा कोणाला मनाई करत नव्हता. तरी ज्यांच्या वर्तुळात विषाणू आधीच कमी होता त्यांना संरक्षण आधी मिळालं, आणि ज्यांच्यात तो जास्त होता त्यांना शेवटी. एका बाजूला लागण झपाट्याने कमी होते, दुसऱ्या बाजूला ती रेंगाळते, आणि चांगलं औषध येऊनही दरी रुंदावत जाते. सार्वजनिक आरोग्यात हे अनेकदा घडतं. नवी सोय ज्यांच्याकडे वेळ, पैसा आणि ओळखी आहेत त्यांच्या हाती आधी पडते. प्रेपच्या बाबतीत ते आकड्यांत टिपलं गेलं इतकंच.

या रोगाचा जो चेहरा समाजाच्या मनात ठसला, त्याचाही इथे वाटा आहे. ५ जून १९८१ रोजी सीडीसीच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच समलिंगी तरुणांबद्दलचा अहवाल आला, आणि एड्सच्या इतिहासाची सुरुवात तिथून मोजतात. ते पाचही जण गोरे होते. सहावा रुग्ण कृष्णवर्णीय समलिंगी पुरुष होता, पण तो अहवालात आला नाही, हे त्या अहवालाचे लेखक डॉ. मायकेल गॉटलिब यांनी कितीतरी वर्षांनी पत्रकार लिंडा व्हिलारोसा यांना सांगितलं. ‘हा गोऱ्या समलिंगी पुरुषांचा आजार’ ही प्रतिमा पहिल्या पानापासूनच तयार झाली आणि मदतीचा ओघही बराच काळ त्याच दिशेने वाहिला.

वाटेतले अडथळे

मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन. तिथल्या वीस वर्षांच्या एखाद्या कृष्णवर्णीय मुलाची कल्पना करा. तो तासाच्या पगारावर काम करतो, मालक विमा देत नाही. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी योजनेची व्याप्ती वाढवायला त्याच्या राज्याने नकार दिला आहे. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा यांनीही तेच केलं आणि ही सगळी दक्षिणेची राज्यं आहेत. अशा बहुतेक राज्यांत मूलबाळ नसलेला धडधाकट प्रौढ कितीही गरीब असला तरी मेडिकेडमध्ये बसत नाही. देशातल्या नव्या निदानांपैकी सुमारे निम्मी दक्षिणेत होतात. म्हणजे जिथे आग जास्त, तिथेच विम्याचं छप्पर फाटकं.

समजा गोळी त्याला औषध कंपनीच्या मदत योजनेतून फुकट मिळाली. तरी तपासण्यांचं बिल उरतंच. दवाखाना दूर असेल तर गाडी लागते, सुट्टी घेतली तर त्या दिवसाचा पगार जातो, आणि हे सगळं दर तीन महिन्यांनी. संशोधकांनी अमेरिकेच्या नकाशावर प्रेप देणारे दवाखाने मांडले, तेव्हा गरज असलेल्या समलिंगी पुरुषांपैकी साधारण आठांतला एक जण अशा भागात राहतो असं दिसलं, जिथून सर्वांत जवळचा दवाखाना गाडीने अर्ध्या तासापेक्षा लांब आहे. असे भाग दक्षिणेत जास्त होते.

आता दुसऱ्या मुलाचा विचार करू. याच्या आईवडिलांचा विमा चांगला आहे, आणि २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे तो २६ वर्षांचा होईपर्यंत त्याच विम्यात राहू शकतो. पण विमा कंपनी प्रत्येक खर्चाचा तपशील पॉलिसीधारकाच्या पत्त्यावर पाठवते. कोणत्या तारखेला कोणती तपासणी झाली, किती पैसे दिले, सगळं त्या पाकिटात. ते पाकीट वडील उघडणार. आपण समलिंगी आहोत हे ज्याने घरी सांगितलेलं नाही, त्याच्यासाठी ते पाकीट म्हणजे घराबाहेर काढलं जाण्याची भीती. तो दवाखान्याची पायरीच चढत नाही.

पायरी चढली तरी आत काय होतं? सारा कॅलाब्रेसी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १०२ वैद्यकीय विद्यार्थ्यांना प्रेप मागायला आलेल्या एका काल्पनिक रुग्णाची माहिती वाचायला दिली. मजकूर तोच, काहींच्या कागदावर रुग्ण गोरा होता तर काहींच्या कागदावर कृष्णवर्णीय. प्रेप दिल्यावर हा रुग्ण कंडोम वापरणं कमी करेल का, या प्रश्नावर कृष्णवर्णीय रुग्णाबद्दल जास्त संशय व्यक्त झाला, आणि ज्यांना असा संशय वाटला ते चिठ्ठी द्यायला कमी राजी होते. शिकागोच्या अभ्यासाशेजारी हा प्रयोग ठेवून पाहा. जो प्रत्यक्षात सर्वांत सावध, त्याच्याकडेच सर्वांत बेजबाबदार म्हणून पाहिलं जातं.

या संशयाला दुसरी बाजूही आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातल्या टस्कीगी इथे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास केला. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिनने तो बरा होतो हे कळल्यावरही ते त्यांना मुद्दाम दिलं गेलं नाही. ज्या समाजाच्या आजी-आजोबांनी हे सोसलं, त्या समाजातल्या मुलाला ‘तू आजारी नाहीस, तरी ही गोळी रोज घे’ असं अनोळखी डॉक्टरने सांगितल्यावर तो थबकला, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? शिवाय हा अविश्वास फक्त जुन्या आठवणींचा नसतो. गेल्या महिन्यात दवाखान्यात कसं बोललं गेलं, यावरही तो पोसला जातो.

वय लहान, अंतर मोठं

१८ वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकेत प्रेपला मान्यता मिळाली ती मे २०१८ मध्ये, किमान ३५ किलो वजनाची अट घालून. म्हणजे प्रौढांनंतर जवळजवळ सहा वर्षांनी. त्यामागे सिबिल होसेक यांच्या नेतृत्वाखाली झालेले दोन अभ्यास होते: एक १८ ते २२ वयाच्या २०० तरुणांचा, दुसरा १५ ते १७ वयाच्या ७८ मुलांचा. गोळी या वयातही सुरक्षित ठरली. पण रक्तातल्या औषधाचं प्रमाण मोजलं तेव्हा एक गोष्ट दोन्ही अभ्यासांत सारखीच दिसली. सुरुवातीला मुलांना दर महिन्याला बोलावत होते, तोवर बरीच मुलं गोळ्या नीट घेत होती. भेटी तीन महिन्यांवर गेल्या आणि औषधाचं प्रमाण खाली आलं. मोठ्या अभ्यासात कृष्णवर्णीय तरुणांमधलं प्रमाण इतरांपेक्षा कमी होतं.

काही जण यावरून मुलांना शिस्त नाही असं म्हणून मोकळे होतील. मला त्यात वेगळं दिसतं. दर महिन्याला कोणीतरी नावाने हाक मारून ‘कसा आहेस?’ असं विचारत होतं, तेव्हा औषध शरीरात पोचत होतं. विशीच्या आतबाहेरचं वय हे घर बदलण्याचं, नोकऱ्या सुटण्याचं, पहिल्या प्रेमाचं आणि पहिल्या प्रेमभंगाचं असतं. गोळीची बाटली कुठे ठेवायची, हाही ज्याच्यापुढे प्रश्न आहे, त्याला प्रौढांचं वेळापत्रक देऊन भागत नाही. त्याला माणूस लागतो.

जिथे जमलं

हे जमू शकतं, याचा पुरावा आहे. लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन आणि नॉर्थ कॅरोलायनातलं चॅपल हिल इथे ‘एचपीटीएन ०७३’ नावाचा अभ्यास झाला. त्यात २२६ जण होते, सगळे कृष्णवर्णीय पुरुष. अभ्यासाची धुरा डॅरेल व्हीलर आणि शेल्डन फील्ड्स या कृष्णवर्णीय संशोधकांकडे होती. इथे गोळीबरोबर प्रत्येकाला एक सोबती-समन्वयक मिळाला. राहण्याची अडचण आहे का, विम्याचे कागद भरायला मदत हवी का, मन खचलंय का, हे तो विचारत असे आणि त्यावर मार्ग काढत असे. प्रेप घ्यायलाच हवी, अशी सक्ती नव्हती. तरी ७९ टक्के पुरुषांनी ती घेतली. ‘या समाजाला प्रेप नकोच आहे’ हा दावा तिथेच संपला. मागणी होती. दार कोण आणि कसं उघडतं, यावर सगळं अवलंबून होतं.

धोरणानेही काही दारं उघडली. २०१९ साली अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने प्रेपला सर्वोच्च ‘ए’ श्रेणी दिली, त्यामुळे बहुतेक खासगी विम्यांना ती रुग्णाकडून पैसे न घेता देणं बंधनकारक झालं. टेक्सासमधल्या काही व्यावसायिकांनी धर्माचं कारण पुढे करून या तरतुदीला आव्हान दिलं. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती तरतूद कायम ठेवली. दरम्यान २०२०-२१ मध्ये गोळीच्या जेनेरिक आवृत्त्या आल्या आणि महिन्याला दीड-दोन हजार डॉलरचा खर्च काही डझन डॉलरवर आला. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत औषध विक्रेत्यालाच प्रेप सुरू करून देण्याची मुभा मिळाली, तर काही ठिकाणी फोनवर सल्ला आणि टपालाने औषध अशी सोय झाली. दारं चार होती, ती दोनवर आली. जॅक्सनच्या त्या मुलासाठी हा फरक मोठा आहे.

सहा महिन्यांतून एकदा

रोजची गोळी लपवावी लागते, विसरली जाते. डिसेंबर २०२१ मध्ये दोन महिन्यांतून एकदा घ्यायच्या कॅबोटेग्राव्हिर इंजेक्शनला मान्यता मिळाली. जून २०२५ मध्ये लेनाकापाव्हिर आलं, ते वर्षातून फक्त दोनदा, पोटाच्या कातडीखाली टोचतात. ‘पर्पज-२’ या चाचणीत हे इंजेक्शन मिळालेल्या २,१७९ जणांत लागण झाली ती फक्त दोघांना. बाटली घरी ठेवायला नको, रोजची आठवण नको. लपूनछपून जगणाऱ्या मुलासाठी याहून सोयीचं काय असणार?

पण ते बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत त्याची जाहीर किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर होती. विमा नसलेल्याला ती परवडणं अशक्य, आणि विमा असलेल्यालाही मंजुरीचे कागद फिरवावे लागतात. म्हणजे पहिल्या गोळीच्या वेळी जे झालं, तेच पुन्हा होण्याची तयारी झालेली आहे.

इथे या कहाणीचं एक टोक आपल्याकडे येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये लेनाकापाव्हिर बनवणाऱ्या गिलियड कंपनीने त्याची जेनेरिक आवृत्ती बनवण्याचे परवाने सहा कंपन्यांना दिले. त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत, तशीच पुण्याची एमक्युअरही आहे. ही औषधं १२० देशांत विकता येतील. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही हैदराबादी कंपन्यांच्या भागीदारांनी जाहीर केलं, की २०२७ पासून एका वर्षाचं औषध सुमारे ४० डॉलरला मिळेल. म्हणजे तेव्हाच्या दराने साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीची तिहेरी औषधं दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी किमतीत देऊ केली आणि जगभरच्या उपचारांचं चित्र पालटलं. त्याच परंपरेतलं हे पाऊल आहे.

अमेरिका मात्र त्या १२० देशांत नाही. पुण्या-हैदराबादचं स्वस्त औषध जॅक्सनला जाणार नाही. आणि आपणही स्वस्त औषध हाती येणार म्हणून निश्चिंत व्हावं असं काही नाही. अमेरिकेने औषधाची किंमत काही डझन डॉलरवर आणूनही दरी बुजली नाही, हे आपण आत्ताच पाहिलं. आपल्याकडे वंशाच्या जागी जात आहे, गाव आणि शहर यांतलं अंतर आहे, घरून ठरवलेलं लग्न आहे, हिजडा किंवा समलिंगी म्हणून दवाखान्यात होणारी हेटाळणी आहे. अशा दारांशी औषध अडून राहतं, त्याची किंमत चाळीस डॉलर असो की चाळीस रुपये.

त्यामुळे प्रेपचं यश मोजण्याची पट्टी बदलली पाहिजे. एकूण किती चिठ्ठ्या लिहिल्या, हा आकडा दिलासा देतो आणि फसवतोही, कारण तो सहज पोचता येणाऱ्यांनीच भरतो. ज्या गटात लागण सर्वांत जास्त, त्या गटातल्या किती जणांना संरक्षण मिळालं, हा आकडा पहिल्या ओळीत छापायला हवा आणि पैसा, माणसं, दवाखाने त्यानुसार लावायला हवेत. शिकागोच्या त्या तरुणांनी आपल्या वाट्याचं काम केलं होतं. कंडोम वापरले, तपासण्या केल्या. उरलेलं काम त्यांचं नव्हतं. ते आरोग्य यंत्रणेचं, विमा कंपन्यांचं, डॉक्टरांचं आणि मतं देऊन सरकारं निवडणाऱ्या नागरिकांचं होतं, आणि ते आजही बाकी आहे.